जऊळक्याला उतरलेले चार माठ

मु. डोंगरखेडे, स्टेशन जऊळका
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६६

राजमान्य राजेश्री शालिग्राम भाऊजी यांस मारोतरावाचा रामराम पोचावा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत (म्हातारी गाय सोडून, पण ती गेली सहा वर्षं खुशाल नाही आणि तरी वेळेवर चरायला जाते). आपल्या पोटाची तक्रार ओव्याने कमी झाली की नाही, ते कळवावे. चि. सौ. कस्तुराला सांगावे की तिच्या भावाला काहीही झालेले नाही. तिच्या मागच्या पत्रात तिने विचारले होते की, दादाने जैन धर्म घेतला आणि दिवसभर गळ्याइतक्या पाण्यात उभा राहतो, हे खरे काय? धर्माची गोष्ट खोटी आहे. पाण्याची खरी आहे, पण ती एकाच दिवसापुरती, आणि पाणी छातीपर्यंत होते. लोक वाढवून सांगतात. म्हणून झाले तसे सारे लिहितो.

आमच्या गावचे तळे आपण पाहिलेच आहे. तीन वर्षांखाली ते ज्या ठेकेदाराकडे होते (नाव लिहीत नाही, त्याची सोयरीक आपल्या बाजूची निघायची), त्याने ठेक्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात मच्छरदाणीसारखे बारीक जाळे फिरवले. तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून पाळीची मोरी फोडून पाणी सोडले आणि बोटाएवढ्या मासोळ्यासुद्धा टोपल्यांनी उचलून नेल्या. पुढल्या पावसात तळे भरले, पण त्यात बेडकांशिवाय कोणी उरले नव्हते. लखमा भोयाच्या तीन पिढ्या त्या तळ्यावर जगल्या. त्याने एक वर्ष वाट पाहिली आणि मग जाळे गुंडाळून अकोल्याच्या जिनिंगमध्ये कामाला जायचे ठरवले. त्याची बायको धुरपताबाई आमच्या घरी निरोप घ्यायला आली, तेव्हा आपली बकरी बहिणीकडे सोडून आलेली होती. सौ. तुळसाने तिला चहा दिला आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मोरी मीच फोडली. मी पाटील माणूस. पाटलाला काही सुचले नाही तरी काहीतरी बोलावे लागते. मी म्हणालो, “थांबा, मी तळ्यात मासे आणून देतो.”

कुठून आणणार, हे मला ठाऊक नव्हते. पण वाशीमच्या कचेरीत चौकशी केल्यावर कळले की, सरकारचे सध्या जास्त अन्न पिकवा म्हणून चालले आहे आणि नागपुरास एक साहेब कलकत्त्याकडून आलेली रोहू-कटल्याची पिल्ले तळ्यांसाठी देतो. मग गेल्या वर्षीच्या श्रावणात लखमा आणि मी नागपुरास गेलो. साहेबाने चार माठ भरून पिल्ले दिली. एकेक पिल्लू जिऱ्याच्या दाण्याएवढे, त्यातही अर्धे डोळेच. साहेबाने सांगितले की, माठातले पाणी हाताने सारखे हलवत राहायचे. हात थांबला की पाण्यातली हवा संपते आणि पिल्ले वर येऊन मरतात. वाटेत पाणी बदलायचे, तेही थोडे थोडे, आणि खायला काहीही घालायचे नाही. मी विचारले, “किती वेळ हलवायचे?” साहेब म्हणाला, “घर येईपर्यंत.”

भाऊजी, माठ चार आणि आम्ही दोघे. म्हणजे हात चार, हा हिशेब मला नागपूर स्टेशनावर फार चोख वाटला. वर्धा येईपर्यंत कळले की, माणसाला नाक खाजवायला, तिकीट दाखवायला आणि इतर दोन-तीन कामांना हात लागतो. दोन्ही हात दोन माठांत घालून बसलेला पाटील पाहून डब्यातल्या लोकांनी आधी आम्हाला जागा करून दिली, मग आणखी जागा करून दिली, आणि बडनेऱ्याला तर समोरचा बाक आपोआप रिकामा झाला. अकोल्याला लखमाने स्टेशनाच्या विहिरीचे पाणी आणले, माठातले पाणी एका हाताने आणि विहिरीचे दुसऱ्या हाताने तपासले, सावलीत ठेवले आणि सारखे निवल्याशिवाय एक थेंब बदलू दिला नाही. (सासूनेही माझी आंघोळ इतकी जपली नव्हती.) तिथून आमची लहान गाडी. ती दुपारची, पण निघाली बऱ्याच उशिरा. माझे खांदे तोवर कोणा दुसऱ्याचे झाले होते.

त्या डब्यात शिरपूरचे शिखरचंद शेठ चढले. कापडाचे व्यापारी, साठीचे गृहस्थ, गाळल्याशिवाय पाण्याने पायही न धुणारे. चातुर्मास चालू, म्हणून त्यांचा जेवणाचा डबा मांडीवर. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचे. त्यांनी विचारले, “पाटील, काय आहे माठात?” आता मी खोटे बोललो नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. मी म्हणालो, “जीव आहेत, शेठ. हात थांबला तर मरतात. आमच्या तळ्यात सोडायला नेतो.” एवढेच. त्यापुढचे वाक्य मी बोललो नाही, हा काही गुन्हा होत नाही. शेठ थोडा वेळ माठात पाहत राहिले. मग त्यांनी डबा बाजूला ठेवला, अंगरख्याची बाही वर केली आणि माझ्या डाव्या हाताखालचा माठ आपल्याकडे ओढला.

लखमाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

बार्शीटाकळी गेली, उन्हं उतरली. मी दोनदा म्हणालो, “शेठ, जेवून घ्या, मी सांभाळतो.” ते म्हणाले, “तुमचा हात आता आखडून राह्यला, पाटील. मी पाहून राह्यलो ना.” दिवस मावळला. डबा तसाच राहिला. त्या माणसाने माझ्यासाठी नव्हे, पण माझ्या मासोळ्यांसाठी उपास काढला, आणि मी मनात दिवाळीनंतरच्या कालवणाचे बेत करत होतो. जऊळक्याला उतरताना त्यांनी माठ स्वतः उचलून खाली दिला आणि म्हणाले, “पुण्याचं काम करून राह्यले तुमी.” त्यांच्या बंडीचा आवाज दूर जाईपर्यंत माझी मान वर झाली नाही.

पुढे गावापर्यंत आमची बंडी. या रस्त्याच्या दुरुस्तीसाठी मी दहा वर्षं बोर्डाला अर्ज करतो आहे, ते आपणास ठाऊक आहे. त्या रात्री प्रथमच लखमाने सांगितले की, आता हात काढा, खड्डेच पाणी हलवतात. खरोखर, माठ असे डचमळले की पिल्ले आनंदात होती. (त्यानंतर मी बोर्डाला अर्ज केलेला नाही.) तळ्यावर पोचल्यावर मी माठ ओतायला उचलला, तर लखमाने हात धरला. माठ तसेच तळ्याच्या पाण्यात टेकवून ठेवले, तळ्याचे पाणी ओंजळीओंजळीने आत घातले, आणि बऱ्याच वेळाने माठ आडवे केले. पिल्ले आपल्या पायांनी गेल्यासारखी बाहेर गेली. धुरपताबाई पाळीवर उभी होती. दुसऱ्या दिवशी ती बकरी परत घेऊन आली.

इथपर्यंत मी शहाणा होतो. बिघडलो तो नंतर. साहेबाने सांगितले होते की, तळ्यात थोडे शेण टाका, त्याने पाण्यात मासोळ्यांचे खाणे तयार होते, आणि वर थोडी पेंड-ढेप द्या. थोडे म्हणजे किती, हे त्याने सांगितले नाही, आणि पाटलाच्या घरी थोडे काही मोजत नाहीत. पहिले वर्ष निभावले. मासे हातभर झाले, तशी माझी छाती फुगली. या पावसाळ्यात मी शेणाच्या बंड्या वाढवल्या आणि सकाळ-संध्याकाळ सरकीच्या ढेपेच्या टोपल्या ओतू लागलो. शेठही दर चतुर्दशीला शिरपूरहून येत, पिंपळाच्या बाजूला बसून लाह्या टाकत आणि मासे वर आले की हात जोडत. मी दूर उभा राहून हात जोडत असे, निराळ्या कारणासाठी. लखमा म्हणे, “पाटील, पाणी हिरवंगार पडलं. आता हात आवरा.” मी म्हणे, हिरवे म्हणजे पिकले.

भाद्रपदात तीन दिवस आभाळ गच्च, वारा बंद. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर सारे तळे तोंडांनी भरलेले. शेकडो मासे वर, तोंड उघडून, गप गप करत. मला वाटले, भूक. मी ढेपेची टोपली उचलली, तेवढ्यात लखमा धावत आला आणि त्याने ती माझ्या हातातून हिसकून पाळीपलीकडे फेकली. गेल्या चाळीस वर्षांत माझ्या हातातून कोणी काही हिसकले नव्हते.

“त्यायले भूक नाही, पाटील. त्यायचा दम घुटून राह्यला. तुमी इतकं चारलं का आता पाण्यात हवाच नाही.”

“मंग काय करू?”

“पाण्यात उतरा.”

उतरलो. सारे गाव उतरले. कोणी बादल्यांनी पाणी उंच उडवत होते, कोणी निंबाच्या फांद्यांनी झोडपत होते, धुरपताबाई सुपाने मारत होती. कोणीतरी म्हशी हाकलत आणल्या, त्या लखमाने परत फिरवल्या, कारण म्हशी तळाचा गाळ उठवतात आणि तोच तर विषासारखा झाला होता. आमचा सालदार जगदेव याने मळ्याची मोट जुंपली आणि विहिरीचे ताजे पाणी पाटाने तळ्यात सोडले. नेमकी ती चतुर्दशी. शेठ आले, उपाशी, शुभ्र धोतरात. पाळीवर क्षणभर थांबले. मग पागोटे काढून पिंपळाच्या मुळाशी ठेवले आणि न गाळलेल्या, शेणाने हिरव्या झालेल्या पाण्यात छातीपर्यंत उतरून दोन्ही हातांनी पाणी उपसून फेकू लागले.

तेव्हा मला राहवेना. मी त्यांच्याजवळ गेलो (तीच ती छातीपर्यंतच्या पाण्याची गोष्ट) आणि म्हणालो, “शेठ, एक सांगायचं राह्यलं. हे मासे पुण्यासाठी नाही आणले. धरायसाठी आणले. खायसाठी.”

त्यांनी पाणी फेकणे थांबवले नाही. म्हणाले, “मले बारशीटाकळीच्या आधीच समजलं होतं. भोयाच्या मांडीखाली जाळं होतं ना.”

“मंग माठात हात काहून घातला?”

“ते त्या दिवशी मरून राह्यले होते, पाटील. आज बी तेच होऊन राह्यलं. बोलणं मागाहून करा, हात चालवा.”

दुपारपर्यंत ऊन पडले, वारा सुटला आणि तोंडे हळूहळू पाण्याखाली गेली. वीस-पंचवीस मासे गेले, बाकी सारे वाचले. मी पाळीवर बसलो आणि, आपणापासून काय लपवायचे, रडलो. लखमाने मला तंबाखू दिली. शेठ ओल्या धोतराने शेजारी बसले होते, आणि तिथेच आम्हा तिघांचा ठराव झाला. शेठ म्हणाले, चातुर्मासात मासे धरू नका. मी आता भांडण होणार म्हणून उठू लागलो, तर लखमा म्हणाला, “आमचा बाप बी हेच म्हणे. पावसात मासोळी गाभण राह्यते, तवा जाळं वाळत घालावं.” दोघांची कारणे अगदी निराळी, महिने तेच. त्यापुढे ठरले की जाळ्याचे भोक मोठे ठेवायचे, हातभर लांबीच्या आतला मासा परत सोडायचा, पिंपळाच्या बाजूला जाळे टाकायचेच नाही, आणि पाटलाने ढेपेच्या टोपलीला लखमाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शेवटचे कलम दोघांनीही लगेच मान्य केले.

परवा कार्तिकी झाल्यावर पहिले जाळे पडले. शेठ त्या दिवशी देवळात होते. दुसऱ्या दिवशी आले आणि किती गेले हे न विचारता किती उरले एवढेच विचारले. लखमाची एकच तक्रार आहे की, लाह्यांमुळे सारे मोठे मासे पिंपळाकडे राहतात आणि त्याच्या बाजूला नुसते पाणी. तरी धुरपताबाईच्या दोन टोपल्या जऊळक्याच्या बाजारात भर सकाळी संपल्या. लखमा आता घरावर नवी कवले घालायची म्हणतो, अकोल्याचे नाव कोणी काढत नाही. आमच्या घरी त्याने सर्वांत मोठा रोहू पाठवला. पण ताट पुढे आले तेव्हा माझ्याने घास तोंडाजवळ नेववेना. इतक्या सायासाने वाचवलेला जीव, असे मनात आले आणि मी उठून हात धुतला.

कस्तुरास आशीर्वाद. लेकरांस पापे.

आपला,
मारोतराव

ता. क. — येत्या फाल्गुनात तळे पुन्हा ठेक्याने जाणार आहे आणि तोच मच्छरदाणीवाला वाशीमला खेपा घालतो आहे. ठेका लखमाच्या नावे व्हावा असा अर्ज करायचा आहे. आपण अमरावतीच्या कचेरीसमोर बसून इतक्यांचे अर्ज लिहिता, तर हा एवढा लिहून द्यावा. खरे तर त्यासाठीच हे पत्र. अर्जावर एका प्रतिष्ठित गृहस्थाची शिफारस लागते आणि ती सही शिखरचंद शेठ करणार आहेत. तेव्हा मासे मारण्याचा तो अर्ज असा लिहावा की त्यात मारणे हा शब्द कुठेही येऊ नये.

ता. क. दुसरा — पत्र शेठना वाचून दाखवले. ते म्हणतात, पकडणे हाही शब्द नको. “वाढविणे, सांभाळणे, आणि मोठे झाल्यावर तळ्याबाहेर जाऊ देणे” इतपत चालेल. कुठे जाऊ देणे, ते सरकार विचारणार नाही असे त्यांचे मत आहे. लखमा म्हणतो, विचारलं तर धुरपताबाईले विचारा म्हणा.

ता. क. तिसरा — शेठ घरी गेले. वर घास न गेल्याचे लिहिले आहे, ते पत्र त्यांच्यासमोर वाचायचे होते म्हणून. मी चार तुकडे खाल्ले, आणि रस्सा नंतर उभ्याने. सौ. म्हणते, पाचवा मांजराच्या नावावर घालू नका. अर्ज लवकर पाठवावा.