चौथी थप्पड

सर, काल आपल्या आठवीच्या वर्गाचा मेळावा झाला आणि त्यात माझा वरचा ओठ फाटला. दोन टाके पडले आहेत. डाव्या कानात अजून शिट्टीसारखा आवाज चालू आहे, म्हणून दुपारची झोप सोडून हे लिहीत बसलो आहे. डॉक्टरांना मी पायरीवरून घसरलो असे सांगितले. मुलाला मात्र कोणीतरी फोनवर सगळे कळवले आहे आणि तो पोलिसांत तक्रार द्यायची म्हणून हटून बसला आहे. "चार लोकांत म्हाताऱ्या माणसाला मारतात म्हणजे काय, बाबा? कारण तरी सांगा," असे तो सकाळपासून विचारतो आहे. कारण मी त्याला सांगितलेले नाही. तुम्हाला सांगतो, कारण त्याची सुरुवात झाली तेव्हा तुम्ही समोर उभे होतात.

तुमच्या तासाची रीत तुम्हीच घातलेली. पहिली पंधरा मिनिटे अपूर्णांकांचे तोंडी पाढे. पावकी, निमकी, दिडकी, औटकी. ज्यांना उत्तर आले नाही त्यांनी उभे राहायचे आणि ज्याने सर्वांत आधी बरोबर सांगितले त्याने रांगेतून जात प्रत्येकाच्या थोबाडीत मारायची. हात हलका पडला तर तुम्ही मारणाऱ्यालाच जवळ बोलवत असा, शांतपणे बाही वर सारत असा आणि "अशी मारतात" म्हणून त्याच्या गालावर दाखवत असा. तुमच्या अंगठीचा वळ दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत असे. बहुतेक वेळा पहिला मीच असे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या वर्गातला एकही गाल माझ्या हाताखालून जायचा राहिला नव्हता, आणि त्यातले सगळ्यांत जास्त वेळा मारलेले गाल माझ्याच बाकावर बसणाऱ्या मुलाचे होते. तो शहराच्या पूर्व भागातल्या विणकराचा मुलगा. घरी तेलुगू. हिशेब त्याला माझ्याइतकाच येत असे. परंतु तो आधी तेलुगूत मांडायचा, त्याचे ओठ हलताना मला दिसायचे, आणि ते मराठीत येईपर्यंत मी उत्तर देऊन मोकळा झालेला असे.

त्या दिवशी तुम्ही औट सत्ते, म्हणजे साडेतीन गुणिले सात, विचारलेत. त्याचे ओठ हलत होते. मी साडेचोवीस म्हणालो. तुम्ही म्हणालात, "याला तीन." मी तीन मारल्या आणि तुम्ही "बस" म्हणालात. त्यानंतर मी चौथी मारली. ती गालावर नाही, डाव्या कानावर बसली. तो बाकाच्या कडेवर आदळला आणि कान धरून खाली बसला. तुम्ही फळ्याकडे वळलात. पुढच्या आठवड्यात तो शाळेत आला तेव्हा कानात कापूस होता, आणि नववीला तो आलाच नाही; वडिलांच्या मागावर विणायला बसला. घरी आणि पुढे कचेरीत, ज्याने ज्याने विचारले त्याला मी हेच सांगत आलो की आमचे सर फार मारकुटे होते आणि त्यांच्या सांगण्यावरून माझ्या हातून एका मुलाचा कान गेला.

मेळावा शुक्रवार पेठेत होता, आपल्या मैंदर्गीच्या वर्गबंधूच्या कापडदुकानावरच्या माडीवर. दारातच तो ओरडला, "आला बघा आपला जल्लाद. गाल झाका रे सगळ्यांनी." सगळे हसले. मीही हसलो. तुमचा फोटो खुर्चीवर ठेवून त्याला हार घातला होता. विणकराचा मुलगा कोपऱ्यात बसला होता. पांढरे शुभ्र केस, हात मात्र अजून सुतारासारखे जाड. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा त्याने मान वळवली. "ह्या बाजूनं बोल. तिकडं नुसती भिंत हाय." कोणीतरी कान कशाने गेला असे विचारले. "मागावर," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "चाळीस वर्षं खडखडाट. कुणाचा राहतोय?" मी त्याच्याकडे काय बोलायला गेलो होतो, हे त्याला ठाऊक होते असे मला वाटते. माझ्या हाताने तुझा कान गेला, एवढेच वाक्य मला त्याच्या उजव्या कानात बोलायचे होते. ते मी बोललो नाही.

जेवणानंतर तुमच्याविषयी बोलायला मला उभे केले. आठ दिवस घासून तयार केलेले वाक्य मी माइकवर म्हटले: "सरांच्या आज्ञेवरून माझ्या हातून आपल्या एका मित्राला गंभीर इजा झाली, याबद्दल मी आज सर्वांसमक्ष दिलगिरी व्यक्त करतो." टाळ्या पडल्या. कोपऱ्यातून त्याने शेजाऱ्याला विचारले, "काय म्हणला?" शेजारी त्याच्या कानाशी ओरडला, "सरांनी सांगितलं म्हणून मारलं, म्हणतोय." त्याने हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मग होऊन जाऊ दे की एक तास," मैंदर्गीकर म्हणाला. "सर बघायलेतच. चल, दोघं उभे राहा. औट सत्ते?"

उत्तर मला येत होते. मी गप्प राहिलो. मनात म्हटले, एक थप्पड खाऊ आणि मोकळे होऊ.

"साडेचोवीस," विणकराचा मुलगा म्हणाला.

"व्हय की. मार आता. हलकी मारायची न्हाय बरं का."

तो उठून आला. पहिली बसली तेव्हा माडी हसत होती. दुसरीने माझा चष्मा उडाला आणि हसणे थांबले. तिसरी त्याने तळहाताच्या मुळाने मारली, ओठ दातावर चिरडला आणि सदऱ्यावर रक्त सांडले. दोघांनी त्याला मागून धरले. "अरे, मरंल की तो. सोड, लका." त्याने हात सोडवून घेतला. आवाज चढवला नाही. "सर हितं 'बस' म्हणले होते," तो म्हणाला, "आन् ही त्याची सवताची." चौथी त्याने माझ्या डाव्या कानावर मारली. मी खुर्च्यांवर कोसळलो. माणसे ओरडत होती आणि तो गलका विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटत होता. त्याने चष्मा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला, माझ्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून गेला.

तक्रार द्यायची नाही, असे मी मुलाला मघाशी निक्षून सांगितले. तो म्हणाला, "बाबा, तुमचं मन फार मोठं आहे." मी ते खोडले नाही. हा कागद त्याच्या हाती लागू नये म्हणून संध्याकाळी बंबात घालणार आहे. म्हणून राहिलेलेही लिहितो.

चौथी मी का मारली, हे तुम्ही कधी विचारले नाही आणि कालही कोणी विचारले नाही. त्या तासाच्या आदल्या दिवशी सवायकीचा पाढा होता आणि वर्षभरात एकदाच त्याने माझ्याआधी उत्तर दिले होते. तो माझ्यासमोर आला. त्याच्या बोटांना सुताच्या खळीचा वास येत होता. त्याने माझ्या गालाला नुसता हात लावला. तुम्ही त्याला बोलावून अंगठीच्या हाताने दाखवलेत आणि परत पाठवलेत. त्याने पुन्हा नुसता हात लावला. पुन्हा मार खाऊन आला आणि पुन्हा तेच. शेवटी तुम्ही थकून खाली बसा म्हणालात. नाकातून रक्त गळत असलेल्या त्या मुलाकडे सारा वर्ग बघत होता. माझ्याकडे कोणीच बघत नव्हते. सर, त्याने मला जोरात मारले असते, तर दुसऱ्या दिवशी माझे तीनांत भागले असते.