गाडी शांतपणे घरी आणणे

सोमवार, ४ तारीख. सकाळी अकरा.

आज गाडी गॅरेजमध्ये टाकली. हॉर्न वाजत नाही, एवढंच. चिरंजिवांना मुळात गाडीच नको आहे. रविवारी सकाळपर्यंत दारात उभी नसेल तर भंगारवाल्याला बोलावतो म्हणाले. हसत म्हणाले, पण असंच हसत हसत त्यांनी माझं शिलाई मशीनही घालवलं होतं.

हे गेल्यापासून मी रोज तासभर गाडीत जाऊन बसते. माझ्या जागेवर, यांच्या शेजारच्या सीटवर. कुठे जायचं नसतं. पेपर चाळते, वाटाणे सोलते. ते चिरंजिवांना काय कळणार.

चिरंजीव मला गॅरेजमध्ये सोडून ऑफिसला पळाले. मिस्त्री चहाला गेलेला. तेवढ्यात मी बॉनेट उघडून यांची युक्ती केली. गाडी परक्या ठिकाणी सोडायची झाली की हे इंजिनातला एक काळा तुकडा काढून खिशात टाकायचे. म्हणायचे, आता ही कोणाच्या बापाला हलणार नाही. वीस वर्षं बाजूला उभी राहून पाहिलंय, डोळे मिटून काढला. गॅरेजवाले गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून आपल्या बायकापोरांना फिरवून आणतात, असं ऐकून आहे. घरी येऊन तुकडा बटणांच्या डब्यात टाकला. शिक्षण चौथी, पण अक्कल कुठे कमी आहे?

मंगळवार, ५. दुपारी.

मिस्त्रीचा फोन. हॉर्नचं राहू द्या, म्हणे गाडीच चालू होत नाही.

संकल्प : आवाज चढवायचा नाही. बीपीसाठी डॉक्टरांनी सांगितलंय. ही डायरीसुद्धा नातीने त्यासाठीच दिली, राग आला की बोलू नकोस, लिही म्हणाली.

गेले. शांतपणे विचारलं, काल गाडी चालत आली होती की मी डोक्यावर घेऊन आले होते? पलीकडच्या दुकानातले दोघे बाहेर येऊन उभे राहिले. सहज आले असतील.

बुधवार, ६.

निदान झालं. रोटर गायब आहे. रोटर म्हणजे काय ते मी विचारलं नाही. विचारलं की आपल्याला माहीत नाही हे समोरच्याला कळतं. उलट ठणकावलं, आमच्या गाडीला उत्तम रोटर होता, यांनी स्वतः पारखून आणलेला. मिस्त्रीचा चेहरा पडला. त्याचा थोरला भाऊ, स्वतः साठीच्या पुढचा, म्हणाला की आजी, गाडी आली तेव्हाच नसेल. मी म्हटलं, तुम्ही चहाच पिता ना नक्की? हेही शांतपणेच.

मग दोघे भाऊ गुडघ्यांवर रांगून रोटर शोधत बसले. गॅरेज झाडून निघालं. थोरल्याच्या जुन्या चष्म्याची काडी सापडली. म्हणजे माझ्या येण्याने त्यांचा फायदाच झाला.

गुरुवार, ७.

या मॉडेलचे पार्ट येणं बंद झालंय. दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेत. मिस्त्रीला वाटतं थोरल्याने रोटर दुसऱ्या गाडीत बसवला, थोरल्याला वाटतं मिस्त्रीने. चाळीस वर्षांची भागीदारी! मला बघवेना. दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन समजावलं की तुमचा काही दोष नाही, दुसऱ्याचाच असणार. त्यानंतर गॅरेजमध्ये फारच शांतता झाली.

घरी नातीच्या शर्टाला बटण लावायला डबा काढला. काळा तुकडा हाताला लागला. पुसून ठेवला. काय डोकं होतं यांचं! एवढ्या गोंधळातही गाडी चोरीला जायची म्हणून चिंता नाही.

शुक्रवार, ८.

मिस्त्रीकडून लेखी घेतलं. मी सांगितलं, त्याने लिहिलं : आमच्या हलगर्जीपणामुळे आजींच्या गाडीचा रोटर हरवला, माफी असावी. हलगर्जीपणा हा शब्द मला बघितल्याशिवाय लिहिता येत नाही, म्हणूनच त्याला लिहायला लावला. कागद भिंतीवर चिकटवून घेतला, गिऱ्हाइकांना दिसेल असा. चिकटवताना त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, चाळीस वर्षांत कोणाचा साधा नटही हरवला नव्हता. मला वाईट वाटलं. माफ करून टाकलं. कागद मात्र काढू दिला नाही.

शनिवार, ९. संध्याकाळी.

चिरंजिवांनी भंगारवाल्याला उद्या दहाची वेळ दिली. ऐकून मी तडक गॅरेज गाठलं. काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे विशेष काही नसणार. घसा मात्र बसलाय.

तेवढ्यात मिस्त्री आला. सकाळपासून दोन बस बदलून जुन्या सामानाचा बाजार पालथा घालून आला होता. रुमाल सोडून दाखवलं. म्हणाला, हा रोटर दुसऱ्या मॉडेलचा आहे, पण घासून बघतो.

रुमालात काळा तुकडा.

माझ्या तोंडून गेलं, अगं बाई, असा तर आमच्या बटणांच्या डब्यात आहे! इतका आनंद झाला की पुढचंही सांगून टाकलं. यांची युक्ती, डोळे मिटून काढला ते, सगळं.

पलीकडच्या दुकानातले दोघे हळूच आत गेले. थोरला भाऊ दोन दिवसांनी पहिल्यांदा मिस्त्रीशी बोलला. म्हणाला, खुर्ची दे रे त्यांना.

रविवार, १०. दुपारी बारा.

गाडी दारात आहे. तुकडा बसवला आणि एका झटक्यात चालू झाली. भंगारवाला चहा पिऊन गेला.

गॅरेजमधून निघताना मिस्त्रीने भिंतीवरचा कागद काढला, उलटा केला आणि पेन पुढे केलं. चिरंजीव शेजारीच उभे. मागच्या कोऱ्या बाजूला मी माफी लिहिली. हलगर्जीपणा पुढच्या बाजूला बघून उतरवला. अक्षर त्याच्यापेक्षा बरं आलं. मग दोन्ही भावांनी मिळून हात जोडले आणि म्हणाले, आजी, आता येऊ नका.

ठरवल्याप्रमाणे गाडी शांतपणे आणली. चिरंजीव वाटेत एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही. गल्लीच्या तोंडाशी कुत्रा आडवा पसरला होता. चिरंजिवांनी हॉर्न दाबला.

तो बघायचा राहूनच गेला होता.

मी काच खाली केली आणि ओरडले. कुत्रा लगेच उठला.