जर्मनीत पोलिसानं अडवलं ते कुणाला

कडेगाव, रविवार, ४ फेब्रुवारी १९७९

आज ह्यांनी सांगून टाकलं. अजून माझी कानशिलं गरम आहेत.

जर्मनीत बुलेट फार जोरात पळवली म्हणून पोलिसानं अडवलं, ही गोष्ट आम्ही दोघं बुलेटवरनं युरोप फिरून परत आल्यापासून हे गावभर सांगतात, तीही स्वतःच्या नावावर. सून गाडी चालवते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, म्हणून मीही गप्प. पण हेल्मेट काढल्यावर त्या पोलिसाला दिसलं ते माझं कुंकू! बिचारा कुंकवाकडं बघतच राहिला. दंड घेतलाच, पण जाताना सलाम ठोकला. मला. ह्यांना नव्हे.

आज तासगावचे पाहुणे आले होते. गोष्ट रंगात आली आणि मामंजी मध्येच बोलले. जन्मभर पलटणीत ट्रक चालवलेला माणूस. म्हणाले, "तू रं कवा एवढी पळीवलीस? घाटात तर पाय टेकत येतूस."

सगळे हसले. हेही हसले आणि म्हणाले, "आबा, मी मागं बसलोवतो. गाडी हिच्या हातात हुती."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी दारात चहा घेऊन उभी. आता काय होतंय?

मामंजींनी मलाच विचारलं, "गियर कितवा हुता?"

"चौथा." पाहुण्यांसमोर त्यांच्याशी मी पहिल्यांदाच बोलले.

"मग बराबर हाय. ह्यो तिसऱ्याच्या म्होरं कवा गेला न्हाई."

बुलेटची किल्ली मामंजींच्या खाटेजवळ खुंटीला असते. आत्ता बघते तर माझ्या कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलीय.