समुद्रकाठचं खळं

बोळिंज, विरार (पश्चिम)
४ फेब्रुवारी १९९८

ती. उन्नतीवन्सं यांना स्वप्नाचा नमस्कार.

भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? पुण्यातली थंडी ओसरली असेल तर त्यांना तेवढाच आराम. इकडे तुमच्या बंधूंचं नाक उन्हाने सोललं आहे आणि माझ्या टाचा, पण ते ओघाने येईलच. आईंची तब्येत चांगली आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आमचा फोन अजून लागलेला नाही, आणि बूथवर मागे माणसं ताटकळत उभी असली की माझ्या मनातलं मनातच राहतं.

नाना गेल्यावर आई गावची शेती सोडून आमच्याकडे आल्या, त्या खिडकीशीच बसल्या, हे तुम्ही पाहिलंच आहे. जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की झोपायच्या. म्हणूनच तुम्ही म्हणालात, त्या इमारतींच्या गर्दीत आईला करमणार कसं, येत्या रविवारी गाडी घेऊन येते आणि तिला पुण्याला नेते. आमच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते (आणि त्यांची वाळत घातलेली बनियनं), तेव्हा तुमचं खरंच होतं.

तर गेल्या रविवारी ह्यांनी पदभ्रमण काढलं. पेपरातल्या पुरवणीत वाचलं होतं की शहरी माणसाने महिन्यातून एकदा तरी दिवसभर चालावं. अर्नाळ्यापर्यंत एसटी, तिथून किनाऱ्याने राजोडी, मग आत वळून नंदाखालच्या वाड्यांमधून घरी. आईंना शेजारी ठेवायचं ठरलं होतं. पण आम्ही निघालो तर आई दारात, पदर खोचून, हातात दशम्यांचं गाठोडं. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुतेक परत खिडकीशी जाऊन बसल्या असत्या.

अर्नाळ्याला उतरलो तर किनारा बोटींनी, जाळ्यांनी आणि मासळीच्या वासाने भरलेला. (अंडंसुद्धा न आलेल्या आपल्या घरातली माणसं आम्ही, ह्यांनी लगेच नाकाला रुमाल लावला.) बसायला स्वच्छ जागा शोधता शोधता ह्यांना एक सापडली. चोपलेली, सारवलेली, झाडून लख्ख. समोर पाण्यात किल्ला. ह्यांनी ग्रामपंचायतीचं तोंड भरून कौतुक केलं आणि बुटांसकट आत जाऊन सतरंजी पसरली. आईंनी मात्र कडेलाच चपला काढल्या. म्हणाल्या, एवढं सारवलंय म्हणजे कुणाचं तरी खळं असणार. नाना गेल्यापासून आईंच्या तोंडून आलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. ह्यांनी त्यांना समजावलं की समुद्रावर ज्वारी होत नाही.

एवढ्यात खळ्याच्या मालकीण, कोळीणबाई जिजाबाई, आल्या. डोक्यावर ओल्या जवळ्याची पाटी, म्हणजे ती इवलीइवली गुलाबी कोळंबी. पाटी उतरवून त्या ह्यांना म्हणाल्या, "ऊठ रे बाप्या, तुज्या बुडाखाली माजा जवला सुकंल का?" मग त्यांचं लक्ष आईंच्या अनवाणी पायांकडे गेलं. "म्हातारे, तू बस."

आम्ही दोघं सतरंजी गुंडाळून कडेला उभे, आणि आई खळ्यात. जिजाबाई जवळा पसरत होत्या. आई थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मधे दाट पडलंय, खालून ओलं राहील. जिजाबाईंनी सांगितलं की ती काय कुरडई नव्हे, समुद्राचा वारा खालचंही सुकवतो. आईंना पटलं नाही. उन्हावर वाद झाला, कावळ्यांवर झाला, आणि तो चालू असताना आईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत जवळ्यात कधी गेले ते मला कळलं नाही. ह्यांच्या नाकावरचा रुमाल खाली आला. वन्सं, सगळं खळं गुलाबी झालं होतं, पलीकडे निळं पाणी, आणि तुमच्या आई गुडघ्यांवर बसून ते गुलाबी पातळ पातळ करत चालल्या होत्या. देवळात उभं राहावं तशी मी उभी होते.

पुढे ओहोटीच्या ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं. आई त्यावरून आमच्या पुढे चालत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, एवढं पाणी आणि एक पाट काढायची सोय नाही. राजोडीला सुरूच्या सावलीत दशम्या खाल्ल्या (आईंच्या हातांचा वास दशम्यांना लागला, आणि आईंनी तो हळूच हुंगूनही पाहिला) आणि आत वळलो. केळी, पानवेली, विहिरी. प्लासिड नावाचे एक वाडीवाले पाणी काढत होते. त्यांनी पाणी दिलं आणि वाट सांगितली: चर्चकडे पाठ ठेवून सरळ जा. इकडे चर्चं पुष्कळ. ह्यांनी भलत्याच चर्चकडे पाठ केली आणि बरंच चालून आम्ही पुन्हा त्याच विहिरीवर. प्लासिडभाऊंनी काही न विचारता पुन्हा तांब्या भरला. आईंना वाट चुकल्याचं काहीच नव्हतं. समुद्र एवढा जवळ आणि पाणी गोड कसं, याचंच नवल त्या करत होत्या.

मग वाटेवरच्या एका क्रुसाच्या पायरीवर त्या टेकल्या. मला म्हणाल्या, "इथं माणसं बाहेर बसून कामं करतात गं. मला वाटलं होतं, नुसत्या खिडक्याच आहेत."

टाचा तेव्हाच सोलल्या होत्या, पण घरापर्यंत त्या दुखल्या नाहीत.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
स्वप्ना

ता. क. खरं सांगायचं ते वर राहूनच गेलं. रविवारी गाडी आणा, पण आईंना नेऊ नका. निदान पावसापर्यंत तरी राहू द्या. तुम्ही रागावाल हे गृहीत धरूनच लिहिते आहे.

दुसरी ता. क. पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, एवढं लांबण लावायची गरज नव्हती, मी आज सकाळीच बूथवरून उन्नतीला सांगितलंय, येत नाही म्हणून. तुम्ही रडलात, असंही म्हणाल्या. वन्सं, पत्र तरीही टाकते आहे. रविवारी नक्की या, आईंना बघायला या. मात्र दुपारनंतर या. सकाळी त्या घरी भेटायच्या नाहीत, खळ्यावर असतील.