दारावरची वीतभर जागा

५ एप्रिल, रवि.
हॉस्पिटलच्या ड्यूटीहून आले तर नळाला पाणी आलेलं, आणि आईनं एकटीनं सगळी पिंपं भरून ठेवलेली. अठ्ठ्याहत्तरीची बाई! आधी रागावले, मग आलं घालून चहा करून दिला. तिला गावाहून, कन्नडहून आणून महिना होत आला. पिशवी अजून पुरती रिकामी केलेली नाही. विचारलं की म्हणते, "राहू दे, लागती."
दाराबाहेरही जात नाही. कारण मला ठाऊक आहे. बिल्डरनं प्रत्येक फ्लॅटच्या दारावर गणपतीची टाईल बसवून दिलीय. मला सवय झाली, मी वर बघतच नाही. आई बघते. तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञा, गणपतीला देव न मानण्याचीही, ती अजून अक्षरशः पाळते.
"कुणाच्या देवाचा राग नाय मला. पर माझ्या दारावर माझं नको का?"


८ एप्रिल, बुध.
बाबासाहेबांची जयंती जवळ आली. आईनं पंचशील ध्वज काढून स्वतः इस्त्री केला. स्टुलावर मी चढले, टाईलला धक्का न लावता तिच्या शेजारी टांगला. आई खाली उभी राहून, डावीकडं घे, उजवीकडं घे. किती दिवसांनी तिचा आवाज चढलेला ऐकला. बरं वाटलं.
दुपारी ग्रुपवर सेक्रेटरी गायकेसरांचा मेसेज: दाराबाहेर धार्मिक चिन्ह लावू नये, नियम सर्वांना समान. सर रिटायर्ड हेडमास्तर. माणूस वाईट नाही, पण सोसायटीला अजून शाळाच समजतात. वर जाऊन भेटले.
"सिस्टर, आज तुमचं चालवून घेतलं तर उद्या कुणाला नाही म्हणू?"
"आणि टाईल?"
"ती बिल्डिंगची शोभा आहे. सगळीकडे एकसारखी. ते काही चिन्ह नव्हे."
ध्वज उतरवला. आईनं घडी घालून पिशवीत ठेवला. जेवताना एवढंच बोलली, "जयंती झाली की कन्नडची गाडी बघ."
ही गेली तर परत त्या कुलूप लावलेल्या घरात यायचं. आधी बाबा, मग माझे हे वारले, तेव्हापासून दार उघडून आत येताना, घरात आवाज व्हावा म्हणून, मी मुद्दाम मोठ्यानं खोकते. आता महिनाभर खोकावं लागलं नाही. हे कुणाला सांगू.

१० एप्रिल, शुक्र.
समोरच्या शेळकेकाकू आज आईकडं येऊन बसल्या. पाचोडच्या, शेतीवाडीवाल्या, मुलगा पुण्याला, इथं एकट्याच राहतात. रोज सकाळी गुडघे धरत स्टुलावर चढतात आणि आपल्या दारावरच्या टाईलला हळदकुंकू लावतात. सहज विचारलं, "मावशी, तो झेंडा का काढला वो? छान दिसत व्हता." आईनं सगळं सांगितलं, गावी परत जायचंही. काकूंनी उचललेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.
"आन् म्हणून तुमी चालल्या व्हय?"
आईनं मान हलवली. काकू चहा तसाच ठेवून उठल्या. 

१२ एप्रिल, रवि.
पार्किंगमध्ये कमिटीची मीटिंग. मी घाबरतच गेले. सरांनी परत तेच: टाईल म्हणजे शोभा, ध्वज म्हणजे चिन्ह. शेळकेकाकू खुर्चीतूनच बोलल्या.
"सर, ते चिन्ह नाय म्हंता?"
"नाही."
"मंग मी पाच वर्सं झाली रोज फरशीला हळदकुंकू लावती व्हय?"
कुणीतरी हसलं. सर नाही हसले. चष्मा काढून रुमालानं पुसत बसले, मला वाटलं आता चिडणार. म्हणाले, "काकू, बरोबर आहे तुमचं. आपलं असलं की आपल्याला ते भिंतीचाच भाग वाटतं."
ठरलं असं: आमच्या दारावरची टाईल काढायला परवानगी. त्या जागी काय लावायचं ते १९ ला सर्वसाधारण सभेत. सर ठराव मांडणार की दारावरची वीतभर जागा ज्याची त्यानं ठरवावी, जिना आणि पार्किंग मात्र मोकळं. हेडमास्तरकी कामी आली म्हणायची. घरी येऊन रडले. आईला वाटलं हरलो.

१४ एप्रिल, मंगळ.
जयंती. आईला पांढरी साडी नेसवून भडकल गेटला नेलं. गर्दी, ऊन, मठ्ठा. आई बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर हात जोडून कितीतरी वेळ उभी. जिन्यात गायकेसर भेटले, जरा अडखळून म्हणाले, "जय भीम, आजी." आई पायरीवर थांबली, पदर नीट केला आणि म्हणाली, "जय भीम, मास्तर." सर तिच्या दुप्पट लाजले.
गाडीचं तिनं काही विचारलं नाही. मीही नाही.

१६ एप्रिल, गुरु.
गवंडी आला. मला एकच धास्ती, टाईल तडकली तर? भंगलेला गणपती, मग कोण काय बोलेल. शेळकेकाकू स्वतःच आल्या आणि टाईलखाली दोन्ही हातांनी पदर पसरून उभ्या राहिल्या. पाऊण तास. गुडघे दुखतात त्यांचे. हात भरून आले तशी आई पुढं झाली आणि पदराचं एक टोक तिनं धरलं. दोघी वर बघत, तोंडावर सिमेंटची भुकटी. अख्खी निघाली! पदरात पडली.
ती आपल्या घरी नेताना काकूंच्या लक्षात आलं. "अगं बया. घरात दोन गणपती पुजायचे नसत्यात." त्यांच्या देव्हाऱ्यात एक आहेच. मी म्हटलं, आता? थोडा विचार करून काकूच म्हणाल्या, "पूजंला नाय बसवत. पाव्हणा म्हनून राहील." स्वच्छ टॉवेल अंथरून शोकेसमध्ये, पितळी हत्तीच्या शेजारी ठेवला.
अशी माणसं माझ्या समोरच्या दारात राहतात. मी कुणाचे आभार मानू, कळत नाही. काकूंचेच मानते.

१७ एप्रिल, शुक्र.
ग्रुपवर कुणीतरी टाकलं: देव काढून टाकले, आता पुढं काय?  दहा मिनिटांत काकूंचा व्हॉइस मेसेज: "काढून नाय टाकला. माझ्याकडं राह्याला आलाय. ज्याला भेटायचं त्यानं यावं, चहा पाजते." तरी ठरावाच्या विरोधात चारपाच घरं नक्की आहेत. दोनतीन बोलतच नाहीत, त्यांचं जास्त भ्या वाटतं.

१८ एप्रिल, शनि.
काकूंना अचानक पाचोडला जावं लागलं, तिथल्या दिराच्या नातसुनेचं बाळंतपण. उद्याच्या सभेला त्या नाहीत. "माझं काय ते सरांना तोंडावर सांगून आले," म्हणाल्या. आईच्या हातात किल्ली दिली. "मावशी, आठ दिस पाव्हण्याकडं बघशाल?"
"धूळ पुसीन. पूजा करनार नाय."
"धूळ पुसली तरी लई झालं."
संध्याकाळी आले तर आमचं दार उघडं, काकूंचंही उघडं. आई तिकडं, ओल्या फडक्यानं टाईलचे कोपरे पुसत होती. मी दारातच उभी.
"काय बघतीस? पाव्हण्यावर धूळ बसू द्यायची व्हय?"
उद्या अकराला सभा. आमच्या दारावर सिमेंटचा चौकोन अजून कोराच आहे. धीर करून पिशवीचं, जाण्याचं विचारलं.
"उद्या काय व्हायचं ते होऊ दे," आई म्हणाली. "पर ती येईस्तोवर मी जाऊ कशी? किल्ली माझ्याकडं हाय."