बर्फासारखं पांढरं

प्रिय रूपा,

उंदीर गप्प नसतो, हे मी आजही म्हणतो. तुझ्या इंग्रजीच्या वहीत होतं, 'ॲज क्वाएट ॲज अ माउस', उंदरासारखा गप्प. आपल्या कुडात रात्रभर नाचायचा तो कोण मग? मधमाशी म्हणे कामसू. कर्नाळ्याखालच्या रानात बाबाला डसल्या, तेव्हा कुठलं काम चाललं होतं त्यांचं? तू तेव्हा म्हणालीस, "पेपरात उंदराला नाय इचारणार, मला इचारणार हायेत. तू सहावीत शाळेतनं पळालास, तुला काय कळणार?" बाबा हसला. मला ते लागलं.

इथे हिमाचलात बोगद्याचं काम चालू आहे. हे माझं तिसरं काम, जीव इथेही रमत नाही. बर्फ बघितला. रस्त्याकडेचा, डिझेलच्या धुराने काळा झालेला. म्हटलं, रूपाला कळवू, तुझं इंग्रजी खोटं. पण परवा पहाटे पाळी संपवून बाहेर आलो तर समोरच्या उतारावर नवा बर्फ, कुणी पाय न ठेवलेला. डोळे उघडवेनात. पांढराशुभ्र म्हणून बघितलं, पुरेना. तोंडात तुझंच आलं, 'ॲज व्हाइट ॲज स्नो'. बर्फाला बर्फासारखा पांढरा म्हणालो म्हणून माझ्या पाळीतला भावेश अजून हसतोय.

तेव्हापासून तुझं घोकणं एकेक करून आठवतंय. तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, मी पडल्या पडल्या ऐकायचो. कोल्ह्यासारखा लबाड, पिसासारखं हलकं, बर्फासारखं गार. अशा सव्वीस ओळी आठवल्या, या पत्राच्या मागच्या पानांवर आपल्याच मराठी अक्षरांत लिहिल्यात. वहीत अठ्ठावीस होत्या. दोन काही केल्या येत नाहीत.

हे फोनवर सांगायला तीनदा लावला आणि जेवलीस का विचारून ठेवला. रूपा, तुझी वही आयेने चुलीत नाही घातली. उंदरावरून आपलं भांडण झालं त्याच दिवशी वीटभट्टी पेटवायची होती, लाकूड ओलं होतं. पेटवायला कागद हवा होता, पण कागद तिथे दुसराही होता. मी घरी येऊन तुझीच उचलली. आयेने मला भट्टीच्या तोंडाशी बघितलं होतं. संध्याकाळी तू वही शोधायला लागलीस तेव्हा तीच म्हणाली, "चुलीत गेली माझ्या हातनं, मला काय वाचता येतंय?" मी तिथेच बसून जेवत होतो. तू इंग्रजीच्या पेपराला गेली नाहीस. वर्ष झालं, सुकापूरला बिल्डिंगवर आयेसोबत घमेली वाहतेस आणि तिच्याशी धड बोलत नाहीस. वही कुणी जाळली म्हणून आये अजूनही माझं नाव सांगत नाही.

माझ्याशी नको बोलू, पण हे पत्र तिला वाचून दाखव. राहिलेल्या पेपराचा फॉर्म भर. फॉर्म, गाईड, नवी वही आणि पेपराच्या दिवसांतली बुडणारी हजेरी धरून पाठवतोय, तीन हजार दोनशे रुपये.

तुझाच दादा,
नीलेश