लिंबू, स्पंज आणि माझे कान

पनवेल, ४ फेब्रुवारी १९५४

कॉलेजला ‘चुन्याच्या काट्यांचा’ म्हणून दिलेल्या एका समुद्री स्पंजाची खरी किंमत: उरणच्या खडकांत ओहोटीचे दोन तास, कापलेला अंगठा आणि आज गेलेली अब्रू.

प्रोफेसर मुलांदेखत म्हणाले, “शेठ, तुम्ही मीठच विका. याच्या अंगातले बारीक काटे चुन्याचे नाहीत, काचेच्या जातीचे आहेत. यापुढे नमुने दुसऱ्याकडून घेऊ.”

काय हा तोरा! चुन्याचे काटे आंबटात फसफसतात, हे त्यांनीच मला शिकवलं. मी तिथंच स्पंजावर लिंबू पिळलं, तो कानाशी धरला: फसफस! “ऐका साहेब! या कानांना फसवणारा अजून जन्मायचाय.” तर हसले. हसले!

घरी संतापातच स्पंज उलटा केला. बुडाला कालवाच्या शिंपल्याचा तुकडा. तो काढून दोन्हींवर लिंबू पिळलं, कान लावला.

फसफसला तो शिंपला.